निवृत्त थ्री-नॉट-थ्री आणि अमेरिकेचे दाखले

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी थ्री-नॉट-थ्रीला, म्हणजे जुन्या .३०३ रायफलीला, निरोप दिला, तेव्हापासून भारतातल्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद अधूनमधून उफाळतो: जुन्या रायफली वितळवता कशाला, हौशी लोकांना विका; अमेरिकेत नाही का भाजीसारख्या मिळत!

भाजीसारख्या म्हणे. अमेरिकेत जुनी शस्त्रं जमवणाऱ्या संग्राहकाचा टाइप ०३ परवाना ३० डॉलरला तीन वर्षांसाठी मिळतो, हे खरं. पण तो पन्नास वर्षं जुन्या किंवा क्युरिओ, म्हणजे संग्राह्य वस्तू, ठरलेल्या शस्त्रांपुरता. प्रत्येक व्यवहार वहीत चढवायचा, आणि न्यू जर्सीत एफआयडी कार्ड, म्हणजे बंदूक खरेदीचं ओळखपत्र, वेगळं.

शिवाय माल पारखता यायला हवा. बंगालमधल्या इशापूर कारखान्याची .३०३ घेताना बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीवरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरचा) क्रमांक जुळवा. जुळत नसेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि गोळीची कड टेकते ती जागा यांतलं अंतर, मोजल्याशिवाय गोळी भरू नका. ब्रिटिश लष्करी माप ०.०६४ ते ०.०७४ इंच, ०.०७४च्या गेजवर (मोजायच्या ठोकळ्यावर) बोल्ट मिटला तर रायफल भिंतीवर टांगायची. ‘डीपी’ शिक्का म्हणजे कवायतीची. पुढच्या भागावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकायची. स्वस्त मिळते, पण तिने धक्के खाल्लेले असतात.

कॉस्मोलीन, म्हणजे साठवणीत गंज धरू नये म्हणून फासलेलं ग्रीस, काढताना लोक लाकूड चकचकीत करतात आणि बोल्टचं पोट तसंच ठेवतात. थंडीत ते घट्ट होऊन गोळीच्या बुडावर आदळणारी फायरिंग पिन मंदावते, गोळी फुटत नाही. चेंबरमध्ये राहिलं तर काडतुसाचं रिकामं कवच अडकतं. जुन्या लष्करी गोळ्यांच्या प्रायमरचा (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीचा) क्षार तेलाने जात नाही. त्याच दिवशी नळीत गरम पाणी, कोरडं फडकं, मग तेल. नाहीतर गंज ठरलेला.

हे सगळं भारतात शिकवणार कोण? मुळात .३०३ तिथे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्यांना परवाना न मिळणारी, म्हणून तर सामान्यांसाठी .३१५ निघाली. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर शस्त्रं दोनच. दोनाचा कसला संग्रह! आधी कायदा वाचा, मग अमेरिका काढा.

पण इथे अमेरिकेतल्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, कुणी इशापूरच्या शिक्क्याकडे बघून नाक मुरडलं की हाच मी उलट्या बाजूने भांडतो. २६/११ला सीएसटीवर काही पोलिसांच्या हाती .३०३च होती, त्याची लाज भारतात वाटते. इथे मात्र तिची खोड काढलेली खपत नाही. इशापूरचीच २ए१ ही ७.६२ नाटो गोळीची रायफल म्हणजे .३०३ला ठोकून बसवलेली नवी नळी, असं सांगणारे इथे खूप भेटतात. चूक. तिचं पोलाद सुधारलेलं आहे, मॅगझिन बारा गोळ्यांचं, चौकोनी. क्रमांक जुळत असतील आणि नळी स्वच्छ असेल तर इंग्लंडमध्ये बनलेल्या एनफिल्डपेक्षा (.३०३च्या मूळ ब्रिटिश रायफलीपेक्षा) तिला एक डॉलरही कमी देऊ नये.