ऊतींचे तापमान मोजावेच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील उष्णता-उपचारांत ऊतींचे तापमान मोजण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: गाठीत तापमापकाची सुई घालणे रुग्णाला त्रासाचे असते आणि त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा सुईच्या वाटेने कर्कपेशी पसरणे असे धोके संभवतात, यंत्राने किती वॅट शक्ती किती वेळ दिली याची नोंद असतेच, उरलेले संगणकीय प्रारूपावरून काढता येते, जास्त भाजू लागले तर रुग्ण सांगेलच, आणि अगदीच गरज पडली तर एमआरआय आहे. सुईच्या धोक्यांबाबत माझा आपल्याशी वाद नाही. दिलेली शक्ती आणि गाठीत प्रत्यक्ष निर्माण झालेले तापमान या दोन्ही गोष्टी एकच धरण्याला मात्र माझा विरोध आहे.

हा विरोध केवळ काटेकोरपणाच्या हौसेपोटी नाही. सॅपरेटो आणि ड्यूई या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या हिशेबानुसार, ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान एका अंशाने वाढले की तेवढाच परिणाम साधायला निम्मा वेळ पुरतो, आणि ४३ च्या खाली दर अंशामागे चौपट वेळ लागतो. एक तासाच्या सत्रात गाठीचा एक भाग ४३ अंशांवर आणि दुसरा ४१ अंशांवर राहिला, तर पहिल्याला ६० मिनिटांचा डोस मिळतो आणि दुसऱ्याला त्याच मापाने पावणेचार मिनिटांचा. यंत्राच्या नोंदीत मात्र दोन्ही भागांसाठी वॅटचा आकडा एकच असतो. किरणोपचारात मात्रेतील एवढी तफावत कोणीही खपवून घेणार नाही; मग उष्णतेच्या बाबतीत ती का खपवून घ्यावी?

संगणकीय प्रारूपांविषयी मला आदर आहे, आणि उपचाराचे नियोजन त्यांच्याशिवाय नीट होत नाही हेही मान्य आहे. तथापि यांपैकी बहुतेक प्रारूपांच्या मुळाशी ऊतींतील उष्णतेचा हिशेब मांडणारे हॅरी पेनेस यांचे १९४८ मधील समीकरण असते आणि त्यात रक्तप्रवाहाने वाहून नेलेल्या उष्णतेचे पद असते. खरी अडचण त्याच पदाची आहे. ऊती तापू लागल्या की निरोगी स्नायूंतील रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढू शकतो, तर गाठीतल्या अस्ताव्यस्त रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद एका भागात एक आणि शेजारच्या भागात दुसराच असतो. त्यामुळे त्याच रुग्णाच्या, त्याच गाठीच्या, तेवढ्याच वॅटच्या दोन सत्रांतही तापमान वेगळे निघू शकते. रुग्ण सांगेलच, हा आपला मुद्दा सुरक्षिततेपुरता आणि तोही अर्धाच खरा आहे, कारण आधीच्या शस्त्रक्रियेने बधिर झालेल्या किंवा भूल दिलेल्या भागातून ही सूचना येत नाही. शिवाय गाठ पुरेशी तापली नाही, हे तर कोणताच रुग्ण सांगू शकत नाही.

‘मोजल्याने रुग्णाचा काय फायदा झाला?’ असेही आपण विचारले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून वरवरच्या गाठींवर किरणोपचार आणि हायपरथर्मिया (गाठ तापवण्याचा उपचार) यांची एक यादृच्छिक चाचणी घेतली. तिच्यात एकूण फायदा दिसला नाही; तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे सहज तापणाऱ्या गाठींत मात्र तो दिसला. ड्यूक विद्यापीठातील गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आधी गाठ तापते की नाही हे मोजून पाहिले, तापणाऱ्या गाठींचेच रुग्ण पुढे घेतले आणि डोस ठरवताना टी-९० या मापाचा आधार घेतला. मोजलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू निदान ज्या तापमानाला पोहोचले, ते हे तापमान. पूर्ण प्रतिसाद, म्हणजे गाठ पूर्णपणे दिसेनाशी होणे, उष्णता दिलेल्या गटात ६६ टक्के आणि केवळ किरणोपचाराच्या गटात ४२ टक्के आला. आयुर्मानात फरक पडला नाही, हे सांगणेही माझे कर्तव्य आहे. पण सरासरी किंवा सर्वांत उष्ण बिंदू न पाहता थंड राहिलेल्या भागाकडे पाहायचे, ही दिशा मला निर्णायक वाटते.

अॅब्लेशनबाबत, म्हणजे तीव्र उष्णतेने गाठ जाळून नष्ट करण्याबाबत, मोजमापाची गरज नाही हा आपला आक्षेप अधिक सयुक्तिक आहे. साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. ४३ अंशांवरील २४० मिनिटांचा परिणाम ५६ अंशांवर दोन सेकंदांच्या आत होतो. सुईच्या टोकापाशी एक-दोन अंशांची चूक झाली तर काही बिघडत नाही. प्रश्न कडेचा आहे. तीन मिलिमीटरहून मोठी रक्तवाहिनी शेजारी असली की ती उष्णता ओढून घेते आणि तिच्यालगत जिवंत कर्कपेशींची पट्टी उरू शकते. उलट, जवळून मज्जातंतू किंवा आतडे जात असेल तर तिथला प्रत्येक अंश मोलाचा ठरतो. सुईच्या टोकातला संवेदक या दोन्ही जागांबद्दल काहीच सांगत नाही.

राहिला एमआरआय. सुईविना तापमानाचा नकाशा देणारे ते आज सर्वांत भरवशाचे साधन आहे आणि मेंदूतील लेझर अॅब्लेशन किंवा केंद्रित अल्ट्रासाउंड यांत त्याने मोठे काम केले आहे. पण त्याचे मोजमाप कशावर उभे आहे ते पाहावे. पाण्यातील प्रोटॉनची अनुनाद वारंवारता (चुंबकीय क्षेत्रात ते ज्या वारंवारतेला प्रतिसाद देतात ती) दर अंशामागे दहा कोटींत सुमारे एक भाग एवढीच बदलते. दीड टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्राच्या यंत्रात हा बदल सुमारे ०.६४ हर्ट्झ भरतो. एवढ्या सूक्ष्म फरकावर तापमान वाचायचे, तर चुंबकीय क्षेत्र किंचित सरकले, रुग्णाने श्वास घेतला, आतड्यातली हवा हलली, की नकाशावर नसलेले अंश उमटतात. चरबीत ही पद्धत चालतच नाही, त्यामुळे स्तनासारख्या चरबीयुक्त अवयवात नकाशाचे काही भाग कोरे किंवा फसवे राहतात. आणि ती मोजते तो तापमानातील बदल. मूळ तापमान बाहेरून पुरवावे लागते. म्हणजे एमआरआय असले तरी एखाद्या ठिकाणी ताडून पाहायला खरा तापमापक लागतोच.

खरे तर तापमापकही निर्दोष नसतो, आणि हा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत असता तर मला अधिक आवडले असते. धातूच्या तारांचा तापमापक, म्हणजे थर्मोकपल, रेडिओलहरींच्या किंवा मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात स्वतःच तापू शकतो. म्हणून तिथे शक्ती क्षणभर बंद करून वाचन घेतात किंवा विद्युतचुंबकीय क्षेत्राने न बिघडणारे फायबर ऑप्टिक संवेदक वापरतात. अल्ट्रासाउंडमध्ये संवेदकाच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणानेही वाचन चढते.

आता आपल्या मुख्य काळजीकडे, म्हणजे सुईच्या त्रासाकडे आणि धोक्यांकडे येतो. ओटीपोटातील गाठींसाठी गुदाशय, मूत्राशय किंवा योनिमार्गात बारीक नळी ठेवून गाठीच्या अगदी जवळचे तापमान मिळते आणि त्यासाठी एकही छेद लागत नाही. जिथे सुईला पर्याय नसतो, तिथे एकच बंद टोकाची नळी गाठीच्या आरपार बसवून तिच्यातून संवेदक थोडा थोडा मागे ओढत नेतात. टोचणे एकदाच होते, आणि त्या संपूर्ण रेषेवरील तापमान सत्रभर पुन्हा पुन्हा वाचता येते.