पोर्तोच्या निळ्या भिंतीशेजारी नन्स नव्हत्याच

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातलं कार्मो चर्च, निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेली त्याची उंच भिंत आणि खाली मजकूर: ‘अडीचशे वर्षांपूर्वीच्या टाइल्स. निळ्या असतात म्हणून नाव अझुलेझु. शेजारी नन्सचं चर्च, इकडे संन्याशांचं. त्यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये हातभर रुंदीचं घर. गोव्यातली चर्चंही अशीच मढवलेली होती.’

फोटो खरा आहे. मजकुराचं तसं नाही.

आधी वय. चर्च १७५६ ते १७६८ मध्ये बांधलं, हे बरोबर. पण त्याची दर्शनी बाजू नीट पाहा: ती कोरीव ग्रॅनाइटची आहे. टाइल्स आहेत त्या कुशीच्या भिंतीवर, आणि त्या लागल्या १९१२ साली. आराखडा सिल्वेस्त्रे सिल्वेस्त्री यांचा, रंगकाम कार्लुश ब्रांकु यांचं, टाइल्स नदीपलीकडच्या गाया शहरात बनलेल्या. मला तर ही तारीखच जास्त रंजक वाटते. १९१० ला राजेशाही गेली, १९११ ला प्रजासत्ताकाने धर्मसंस्थेला शासनापासून वेगळं काढलं, आणि पुढच्याच वर्षी कार्मेल पर्वत आणि कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या स्थापनेचं हे भलंमोठं चित्र भर रस्त्यावर! अठराव्या शतकात अशी चित्रं बहुतेक इमारतीच्या आत असत, पोर्तोच्याच कॅथेड्रलच्या ओवऱ्यांत आहेत तशी. बाहेरच्या भिंती मढवायची चाल फोफावली एकोणिसाव्या शतकात.

नावाचं म्हणाल तर अझुलेझु हा शब्द अरबी ‘अझ-झुलैज’वरून आला, निळ्याशी संबंध नाही. निळ्यासाठीचा पोर्तुगीज ‘अझुल’ वेगळ्या वाटेने आला, फारसी ‘लाजवर्द’वरून. आपला लाजवर्दी तो हाच. सुरुवातीच्या टाइल्स हिरव्या, पिवळ्या, तपकिरीही असत. निळ्या-पांढऱ्याचं वेड नंतरचं, चिनी मातीची भांडी आणि डच टाइल्स पाहून लागलेलं.

आता ते घर. ते आहे, दोन चर्चच्या मध्ये खरोखर चिंचोळं, आणि २०१८ पासून आत जाऊन बघता येतं. पण डावीकडचं चर्च नन्सचं नव्हतं. ते ‘अनवाणी’ कार्मेलाइट (पंथाची एक शाखा) संन्याशांच्या मठाचं, सतराव्या शतकातलं. आणि उजवीकडचं, टाइल्सवालं, मुळात संन्याशांचं नाहीच. ते पंथाच्या ‘तृतीय संघा’चं, म्हणजे घरसंसार करणाऱ्या भाविकांचं. म्हणजे एकीकडे संन्यासी, दुसरीकडे प्रापंचिक. कोणाला कोणापासून दूर ठेवायचं होतं? दोन चर्चमध्ये सामाईक भिंत चालत नसे, असंही सांगतात. ते खरं धरलं तरी गोष्टीत नन्सची गरज पडत नाही. (चटपटीत भाग तेवढाच आहे, हे मान्य.)

राहिला गोवा. तिथली जुनी चर्चं जांभ्या दगडाची, वरून चुन्याचा गिलावा. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च लाल दिसतं ते विसाव्या शतकात गिलावा काढून टाकला म्हणून. बाहेरून चित्रांच्या टाइल्स चढवायची रीत तिथे नव्हती. पणजीत अझुलेझु बघायच्याच असतील तर इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जा. त्या पोर्तुगीज चित्रकार झॉर्झ कुलासुच्या हातच्या, १९३५ च्या. पोर्तोच्या साँव बेंतु स्टेशनातल्या सुमारे २०,००० टाइल्स त्याच्याच. पणजीतल्या जवळ जाऊन बघा: एकेक चौकोन तळहाताहून थोडा मोठा, आणि सांधे चित्राची पर्वा न करता सरळ निघून जातात. अझुलेझुच्या जुन्या रीतीत कच्च्या झिलईवर कुंचला टेकला की रंग शोषला जातो, त्यामुळे खोडाखोडीला वाव नसतो. पणजीच्या कदंब बस स्टँडवरून इन्स्टिट्यूटपर्यंत चालत गेलात तरी वीसेक मिनिटं.