केळ्याच्या चकत्या पुरून केळ उगवत नाही

माझी मावशी थंड प्रदेशात राहते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. तिच्याकडे मोठ्या कुंडीत चार वर्षांची बुटकी केळ होती. घड कधी धरला नव्हता, पण पानं डोळे निवावेत अशी. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "अगं, केळीच्या बुंध्याला घाण वास येतोय." फोटो मागवला. मातीलगत बुंधा तपकिरी झालेला, बोटाने दाबलं की खड्डा पडतोय आणि पाणी सुटतंय. काय काय केलंस विचारल्यावर तिने एक व्हिडिओ पाठवला. तोच व्हिडिओ त्याआधी मला तीन ग्रुपवर आला होता आणि मी न उघडता पुसून टाकला होता. या वेळी शेवटपर्यंत पाहिला, आणि संताप आला.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: केळं कितीही थंड हवेत घरी येतं. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या मातीत पुरा, ३० दिवसांत रोप, वर्षाच्या आत घड. सालींचं पाणी हेच खत. थंडीत रोज कोमट पाणी घाला आणि बुंध्याला प्लास्टिक घट्ट गुंडाळा. आइसलँडमध्ये बर्फात केळी पिकतात, मग तुमच्याकडे का नाही?

आधी चकत्या. एक केळं सोलून उभं चिरा आणि नीट बघा. मधल्या भागात ओळीने बारीक काळसर ठिपके दिसतील. या कधीच न भरलेल्या बिया. आपण खातो त्या बहुतेक केळींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, एकूण ३३. बीज तयार होताना त्यांची सरळ निम्मी वाटणी होत नाही, म्हणून बी भरत नाही. फळ धरतं ते परागीभवनाशिवाय. रानकेळीला बिया असतात, दाताखाली खडा यावा इतक्या कडक. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून ज्या बिनबियांच्या केळी जपल्या, त्यांची लागवड तेव्हापासून एकाच रीतीने होते: जमिनीतल्या कंदाला फुटलेले मुनवे, म्हणजे बाजूचे कोंब, काढून लावायचे, किंवा कंदच लावायचा. हल्ली टिश्यू कल्चरची रोपं मिळतात, तीही कोंबाच्या पेशींपासूनच केलेली. फळाच्या गरात कोंब नसतो. तो पुरला की सडतो, बुरशी येते आणि चिलटं होतात. मावशीच्या खिडकीतल्या दुसऱ्या कुंडीत नेमकं हेच झालं.

मग व्हिडिओत रोप दिसतं ते कुठून आलं? दहाव्या दिवसाच्या कुंडीच्या काठावर एक पांढरा ओरखडा आहे. तिसाव्या दिवशी तो ओरखडा नाही. कुंडी बदलली, म्हणजे रोप आणून लावलं. लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत ही सरळ फसवणूक आहे.

वर्षात घड, या दाव्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दिलेली केळीची माहिती पुरेशी आहे. वाढीला सर्वांत अनुकूल सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास. पुरेशी वाढ व्हायला किमान १६ अंश लागतात, त्याखाली वाढ खुंटते. ८ अंशांच्या खाली बराच काळ राहिलं तर झाडाचं गंभीर नुकसान. आता हिशोब करा. घड निसवायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या, आधी केळ साधारण ३० ते ४० पानं काढते. भर उन्हाळ्यात, सगळं मनासारखं असेल तर आठवड्याला एक पान. ज्या ठिकाणी वर्षातले पाच महिनेच ऊब असते तिथे वर्षाला वीसेक पानं झाली तरी खूप. म्हणजे निसवण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तीसुद्धा हिवाळ्यात झाड जगलं तर. आणि ऐन थंडीत केळफूल वर यायला लागलं तर ते गळ्यातच अडकतं, घड बाहेरच पडत नाही.

सालींबद्दल फार लिहीत नाही. केळीला पालाश (पोटॅशियम) भरपूर लागतं आणि सालीत ते असतं, इतकं खरं. पण साल भिजवलेल्या पाण्यावर झाड पोसत नाही, त्याला नत्रही (नायट्रोजन) लागतं. साली कंपोस्टमध्ये टाका.

आइसलँडची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती लोकांना पटते. तिथे १९४१ पासून केळी पिकवल्या गेल्या आहेत, आजही तिथल्या कृषी विद्यापीठाच्या काचघरात काही शे झाडं आहेत. पण ते काचघर जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापवलेलं आहे. बर्फ काचेच्या बाहेर, केळ आत. एवढं करूनही ऊन कमी असल्यामुळे फळ हाती यायला दोनेक वर्षं जातात. दुसरं एक अर्धसत्यही मला मान्य करावं लागेल: 'जपानी केळ' म्हणून विकली जाणारी, मूळची चीनमधली एक जात आहे, तिचा कंद झाकून ठेवला तर कडक थंडीतही जमिनीत तग धरतो. वरचं सगळं करपतं आणि वसंतात नवे कोंब येतात. पण ती लावायची पानांच्या शोभेसाठी. तिची फळं बियांनी भरलेली, खाण्याजोगी नसतात.

आता ज्याने मावशीची केळ घालवली ते कोमट पाणी आणि प्लास्टिक. व्हिडिओत हे वीस सेकंदांत उरकलंय.

केळीचं खोड हे खरं खोड नाही, एकावर एक गुंडाळलेली सोपटं, म्हणजे पानांचे खालचे भाग, आहेत. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि निसवण होईपर्यंत वाढीचा कोंब त्या कंदापाशीच असतो. म्हणून वरची पानं करपली तरी केळ मेली असं होत नाही. कंद सडला, तर मात्र संपलं. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, पानं बाहेर सोडत नाहीत. घातलेलं पाणी कुंडीत तसंच साचतं, मातीतली हवा संपते आणि कंद कुजायला लागतो. कोमट असल्याने काहीही फरक पडत नाही. पंधरा किलो गार मातीत एक लिटर कोमट पाणी ओतलंत तर ती जेमतेम दोन-तीन अंशांनी तापेल आणि थोड्या वेळात पुन्हा गार होईल. ऊब गेली, पाणी राहिलं. मावशीने हे रोज, सलग पाच आठवडे केलं.

त्यावर घट्ट प्लास्टिक. प्लास्टिक स्वतः ऊब देत नाही. आतली वाफ रात्री गार होऊन पाण्याचे थेंब बुंध्यावरच उतरतात आणि सुकायला वाव राहत नाही. थंड प्रदेशातले अनुभवी लोक बुंध्याभोवती जाळी लावून कोरडा पेंढा भरतात, पाऊस आत जाऊ नये म्हणून फक्त वरून झाकण घालतात आणि बाजूने हवा खेळती ठेवतात. कुंडीतली केळ असेल तर थंडी पडायच्या आधी आत घ्यायची आणि पाणी जवळजवळ बंद करायचं. माती वरून चांगली सुकली की थोडंसं, तेवढंच. पानं पिवळी पडतील, पडू द्या.

गेल्या आठवड्यात मावशीने माझ्या सांगण्यावरून कुंडी उलटी केली. कंदाची एक बाजू काळी होऊन लगदा झाली होती, दुसरी अजून पांढरी आणि कडक. तिने कडक भाग लागेपर्यंत सडकं सगळं स्वच्छ सुरीने कापलं, जखम दोन दिवस सुकू दिली आणि कंद जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवलाय. कडक बाजूला सुपारीएवढा एक डोळा आहे. तो फुटला तर केळ वाचली. तोवर पाणी घालू नकोस, हे मी तिला रोज फोन करून सांगते आहे.