अमोनिया वाढला म्हणून टँकमध्ये खाण्याचा सोडा टाकू नका, प्लीज

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, "फिश टँकमधला अमोनिया ५ मिनिटांत खल्लास, दुकानदार हे कधीच सांगणार नाही" असं वर लिहिलेला (अमोनिया म्हणजे माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष). त्यात सहा उपाय आहेत. सगळं पाणी काढून टँक साबणाने धुवा, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवा, दोन चमचे खाण्याचा सोडा टाका, तुरटी फिरवा, झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खनिजाचे खडे) आणि मूठभर जाडं मीठ टाका, आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर त्यांना भूक लागलीय, खायला द्या. आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो येऊन गेलाच होता, मग नेरूळला ताईकडे पोचला आणि रात्री भाच्याचा फोन, "मावशी, टेस्टमध्ये रंग हिरवा झाला, म्हणजे अमोनिया आहे, म्हणून दोन चमचे सोडा टाकलाय, मासे आता जोरजोरात पळतायत, अजून टाकू का?" दोन गोल्डफिश सकाळपर्यंत गेले. पोरगं मन लावून टँक सांभाळत होतं हो. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

सोड्याचंच आधी घेते कारण जीव त्यानेच जातो. मेसेज म्हणतो अमोनिया "ॲसिडिक" असतो आणि सोडा त्याला न्यूट्रल करतो. अमोनिया ॲसिड नाहीच मुळी! तो अल्कली आहे, शाळेच्या लॅबमध्ये लाल लिटमस निळा करून दाखवतात तो. अल्कली असलेल्या पाण्यात पीएच (पाणी किती ॲसिडिक किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल, त्यावर अल्कली) वाढवणारी आणखी एक गोष्ट ओतून काय न्यूट्रल होणार?

आणि नुसता उपयोग होत नाही एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, तो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, त्यामुळे माशाला त्याचा त्रास बराच कमी. दुसरा मोकळा अमोनिया, तो थेट कल्ल्यांतून रक्तात जातो, आणि माशाचा स्वतःचा अमोनिया जो एरवी कल्ल्यांतूनच बाहेर पडतो तोही आतच अडकतो, मग मेंदूपर्यंत परिणाम, झटके, गोल गोल फिरणं, काचेवर आपटणं. आपलं टेस्ट किट या दोन्हींची बेरीज दाखवतं. त्यातला मोकळा किती हे ठरतं पीएच आणि तापमानावर, आणि हे कुणाचं मत नाही, इमर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली कॅनडाच्या फिशरीज रिसर्च बोर्डाच्या जर्नलमध्ये याचा अख्खा तक्ता छापलाय जो आजही जगभर वापरतात. त्यात बघा, ३० अंशांना (आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या टँकचं पाणी एवढं असतंच) पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी फक्त ०.८ टक्के मोकळा असतो. पीएच ८ झाला की तोच ७.५ टक्के. पीएच ९ ला जवळपास ४५ टक्के.

आता सोड्याचा हिशोब करा. किटवर २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) आलाय, पीएच ७ आहे, म्हणजे मोकळा अमोनिया साधारण ०.०१६. तो ०.०२ च्या खाली ठेवा असं सहसा सांगतात, म्हणजे मासे काठावर का होईना पण तग धरून आहेत. त्यात तुम्ही सोडा टाकला, पीएच ८ वर गेला, मोकळा अमोनिया झाला ०.१५. अमोनियाचा एक कणही नवीन आला नाही, किट अजून तेच २ दाखवतंय, पण विष नऊ पटींनी वाढलं, तेही काही मिनिटांत. भाच्याला मासे पळताना दिसले म्हणून त्याला वाटलं सुधारले. ते गुदमरत होते.

त्यात आणखी एक गोष्ट. मेसेज लिहिणाऱ्याच्या मते आधी सगळं पाणी काढायचं आणि मग सोडा टाकायचा. सगळं पाणी काढलं तर अमोनिया त्या पाण्याबरोबरच गेला ना, मग सोडा कशाला? पण रात्री साडेदहाला कोण सगळं पाणी काढणार, घरात जे हाताशी असतं तेच लोक करतात, आणि सोडा प्रत्येक घरात असतो. वर तुरटीसुद्धा सांगितलीय, जी पीएच खाली आणते. म्हणजे एकाच मेसेजमध्ये एक उपाय पीएच चढवणार, दुसरा उतरवणार, आणि मधल्या मधे मासे होरपळणार. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पाणी छान दिसतं, पण अमोनिया विरघळलेला असतो आणि त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी काचेसारखं दिसलं म्हणून काहीही सिद्ध होत नाही.

सोड्याबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने सॉफ्ट असतं, त्यात कार्बोनेट कमी, आणि अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया ते वापरत राहतात, त्यामुळे बरेच महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये पीएच घसरतो आणि बॅक्टेरिया काम जवळपास बंद करतात. अशा वेळी जाणकार लोक चिमूटभर सोडा वापरतात, पण अमोनिया आधी शून्यावर आणून, पीएच मोजत मोजत. दोन चमचे डोळे मिटून टाकणं ही ती गोष्ट नव्हे.

आता स्पंज. साबणाबद्दल बोलतही नाही, टँकच्या जवळपास साबण न्यायचाच नसतो. पण नळाखाली स्पंज धुणारे खूप आहेत, चांगले अनुभवी लोकसुद्धा. स्पंजवर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो ना, त्यातच ते बॅक्टेरिया राहतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी मुंबईचं मोरबेचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, आणि कुठल्याही महापालिकेचं पाणी नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन शिल्लक असायलाच हवा, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातच लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम लिहिलंय. तो जंतू मारायलाच घातलेला असतो, तुमच्या फिल्टरमधले बॅक्टेरिया तो वेगळे काढत नाही. स्पंज धुवायचाच असेल तर टँकचंच पाणी बादलीत घ्या, त्यात दोन-तीनदा पिळा, चॉकलेटी पाणी निघेल तेवढं पुरे. पांढरा करायचा नाही.

मीठ आणि झिओलाइट. मिठात अर्धं सत्य आहे, पण ते अमोनियासाठी नाही, नायट्राइटसाठी. अमोनियानंतर नायट्राइट चढतं, माशांचं रक्त तपकिरी पडतं, तेव्हा मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून रोखतो. झिओलाइटही खरंच अमोनियम धरून ठेवतो. पण दोन्ही एकत्र? मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरलेला अमोनियम परत सोडून देतो, जुना झिओलाइट पुन्हा वापरायचा तर लोक तो मिठाच्या पाण्यातच भिजवतात. एवढीही माहिती नसताना लोकांना सल्ले द्यायचे!

खायला देण्याचं तर वाचूनच डोकं फिरलं. खाण्यातलं प्रोटीन हाच अमोनियाचा उगम आहे. मासा वर येऊन तोंड उघडतोय तो श्वासासाठी. मोठ्या निरोगी माशाला दोन-तीन दिवस उपास घडला तर काही होत नाही.

मग करायचं काय? खाणं बंद, एअर पंप फुल, आणि ३० ते ५० टक्के पाणी बदला, नवं पाणी अँटी-क्लोरीन घालून किंवा बादलीत रात्रभर एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलेलं, तापमान जवळपास तेवढंच. फक्त पाणी महिनोन् महिने बदललेलं नसेल तर आधी पीएच बघा. तो ६ च्या आसपास असेल तर एकदम अर्धं पाणी बदलू नका, नळाच्या पाण्याने पीएच उडी मारतो आणि सोड्यासारखंच होतं, तिथे पंधरा-वीस टक्के करत दोन-तीन दिवसांत न्या. मग कारण शोधा, कारण अमोनिया उगाच वाढत नाही. फिल्टरमागे किंवा लाकडाखाली एखादा मेलेला मासा किंवा गोगलगाय अडकलीय का, लाइट गेली होती आणि फिल्टर तासन् तास बंद होता का, कुर्ल्याच्या फिश मार्केटमधून एकदम डझनभर मासे आणून सोडलेत का, अँटिबायोटिक टाकलं होतं का. ताईकडे काय झालं होतं तर कामवाल्या मावशींनी कौतुकाने स्पंज वॉशिंग पावडरने धुतला होता. त्यांना बोलून उपयोग नाही, घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

ओळखीच्या कुणाचा जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा वापरलेला स्पंज मागून आणा, ओलाच आणा, आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, वस्ती लवकर बसते. रोज टेस्ट करा. लागोपाठ दोन-तीन दिवस शून्य आला की खाणं सुरू करा, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि उरलेलं जाळीने लगेच बाहेर काढा.