'समुपदेशनाची खोली' आणि 'लुडबुड': एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना वाचक' या नावाने लिहिणारे महोदय,

सप्रेम नमस्कार. आंतरराष्ट्रीय विज्ञानधोरणाच्या सल्ल्यात मानसशास्त्रज्ञांनाही जागा हवी, असा लेख मी लिहिला होता; त्यावर आपली प्रतिक्रिया आली. "मानसशास्त्रज्ञांनी आपली समुपदेशनाची खोली सांभाळावी, आंतरराष्ट्रीय विज्ञानधोरणात लुडबुड करू नये," हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. त्याखाली आपण आणखीही काही विचारले आहे. पण ज्या सुरात आरंभ केलात तो पाहता बाकीचे प्रश्न आपल्याला नंतर सुचले असावेत.

आधी माझी चूक. माणूस निर्णय कसे घेतो याचे अभ्यासक असलेल्या, लेखात मी उदाहरण दिलेल्या हर्बर्ट सायमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल १९७८ साली मिळाले, १९७५ साली मिळाला तो संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार. मी वर्षांची गल्लत केली होती, ती आता दुरुस्त केली आहे. मात्र ते "मुळात राज्यशास्त्राचे" होते, हे सांगून आपण काय साधलेत ते कळले नाही. त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली हे खरेच. पण कार्नेगी मेलन विद्यापीठात ते संगणकशास्त्राबरोबर मानसशास्त्राचेही प्राध्यापक होते, आणि १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचे सदस्य होते. त्यांना कोणी खोलीत परत धाडल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता लुडबुडीविषयी. हवामानबदलावरील आंतरसरकारी पॅनेलच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत 'अतिशय संभाव्य' या शब्दांना ९० टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता असा अर्थ ठरवून दिलेला आहे. डेव्हिड बुडेस्कू या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवालातली वाक्ये सामान्य वाचकांपुढे ठेवली, तेव्हा अर्थाचा तक्ता हाताशी असलेल्यांनीदेखील त्या शब्दांना बरीच कमी टक्केवारी दिली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २४ देशांत आणि १७ भाषांत तो करून पाहिला, तरी वाचकांचा कल तोच निघाला. शब्दाशेजारी दर वेळी आकडाही छापा, एवढाच त्यांचा सल्ला. हवामानशास्त्रज्ञ वाक्य लिहितो. ते वाचणारा त्यातून काय घेतो हे मोजण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते, आणि यात त्याचा कमीपणाही नाही.

हे मी केवळ वाचून सांगत नाही. सव्वीस वर्षे मानसशास्त्र शिकवताना सुट्ट्यांमध्ये मी निफाडच्या बाजूला द्राक्षबागांतून शब्दांचे अर्थ विचारत हिंडले आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस; तो किती पडेल याच्याशी 'तुरळक'चा संबंध नसतो. बोटांवर मोरचुदाचे निळे डाग असलेले एक बागायतदार मला म्हणाले, "तुरळक म्हणजे शिंतोडे, मॅडम. फवारणी धुऊन नेईल एवढा नाही." त्यांच्याच बागेवर त्या दिवशी धो धो पाऊस कोसळला असता, तरी अंदाज बरोबरच ठरला असता. शब्द तोच, पण लिहिणाऱ्याने ठिकाणे मोजली आणि वाचणाऱ्याने पाणी. हे मी नंतर एका बैठकीत मांडू लागले, तेव्हा एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी "मॅडम, चहा आलाय" म्हणून विषय संपवला होता. आपल्या प्रतिक्रियेत मला तोच आवाज ऐकू आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

राहिले आपले उरलेले प्रश्न: आयपीसीसीने हा सल्ला पुरता मानला का, अशा सल्ल्याचा परिणाम कोण मोजतो, आणि सल्लागारांचे मानधन कोण देते. ते अगदीच गैरलागू आहेत असे मी म्हणत नाही, पण त्यांना स्वतंत्र लेख लागेल, आणि तो मी सवडीने लिहीन. तोवर टोपणनावाआडून दुसऱ्याला त्याची खोली दाखवणाऱ्याने स्वतःची कोणती, तेवढे कळवावे. दुरुस्त केलेला लेखही एकदा वाचावा. त्यातला तिसरा परिच्छेद मागच्या खेपेला आपल्या नजरेतून सुटलेला दिसतो.