अल्जीरियाचे ‘गद्दार’ आणि फिफाने न केलेली कारवाई

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाची सोडत निघाली, अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया एकाच गटात आले आणि तेव्हापासून ‘४४ वर्षांचा सूड’ नावाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. ग्रुपवर येणारं सगळं खोडत बसले तर घरात स्वयंपाक होणार नाही, म्हणून मी आधी सोडून दिला. पण परवा माझ्या भाच्याने तो जसाच्या तसा पोरांच्या ग्रुपवर टाकला. हा कोल्हापुरात शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. वर लिहिलं होतं, ‘जरूर वाचा, इतिहास माहीत हवा.’ फोन केला तर म्हणतो, “मावशी, चांगलं लिहिलंय गं, तारखाबिरखा दिल्यात.” तारखा दिल्या की झालं!

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. विश्वचषकात सामना जिंकणारा पहिला अरब देश अल्जीरिया. १९८२ मध्ये त्याला बाहेर काढायला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने पैसे चारून सामना ठरवला, मग फिफाने चौकशी केली आणि दोघांना स्पर्धेतून बाद केलं. पण अल्जीरियावाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? १९५८ मध्ये फ्रान्सने वाढवलेले खेळाडू रातोरात पळाले, त्यामुळे फ्रान्सची विश्वचषकात धूळधाण झाली; ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारे गद्दार, आपणही धडा घ्यावा’. आजचा संघ म्हणजे फ्रान्सने नाकारलेल्या पोरांची मोट. आणि हे सगळं तेलाच्या पैशावर.

पहिला मुद्दा दोन ओळींत निकालात निघतो. इजिप्त १९३४ च्या विश्वचषकात खेळला होता, हंगेरीकडून हरला. सामना जिंकणारा पहिला अरब आणि पहिला आफ्रिकी देश ट्युनिशिया: २ जून १९७८, अर्जेंटिनातलं रोसारियो, मेक्सिकोवर ३-१. अल्जीरियाचा पहिलेपणा वेगळा आहे. विश्वचषकात युरोपच्या संघाला हरवणारा तो पहिला आफ्रिकी संघ. पुरेसा मोठा मान आहे, त्याला दुसऱ्याचा चिकटवायची गरज नाही.

आता फिफाची ‘कारवाई’. हे वाचून मी खरंच हसले. पश्चिम जर्मनीला बाद केलं म्हणे! मग ८ जुलै १९८२ ला सेव्हिलमध्ये फ्रान्सविरुद्ध उपांत्य सामना कोण खेळलं? ११ जुलैला माद्रिदमध्ये इटलीकडून अंतिम सामना ३-१ ने कोण हरलं? भुतं? ऑस्ट्रियासुद्धा थाटात पुढच्या फेरीत गेला आणि फ्रान्स, उत्तर आयर्लंडबरोबर खेळला. अल्जीरियाच्या महासंघाने तक्रार केली होती हे खरं. फिफाने ती फेटाळली, कारण लिखित नियम एकही मोडला गेला नव्हता. संताप त्याचाच आहे, आणि या मेसेजने नेमका तोच पुसून टाकलाय. गुन्हेगारांना शिक्षा झाली असं सांगितलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं, एवढंच.

घडलं काय, ते फिफाच्या स्वतःच्या नोंदीतल्या गट दोनच्या तक्त्यावरून कुणालाही कळेल. १६ जूनला स्पेनमधल्या हिहोनमध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं. अल्जीरियाच्या माजरचा गोल, मग जर्मनीच्या रुमेनिगेची बरोबरी. बरोबरी झाल्यावर अल्जीरियाने मध्यावरून चेंडू सुरू केला, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, जर्मनांचा पाय लागू न देता चेंडू डाव्या बाजूला सालाह असादपर्यंत गेला, त्याने गोलसमोरून आडवा पास दिला आणि पलीकडच्या खांबाजवळ आलेल्या लखदर बेलुमीने तो आत ढकलला. रुमेनिगेचा गोल ६७ व्या मिनिटाला, हा ६८ व्या. आंतरजालावर चित्रफीत आहे. माझ्या भाच्याने पोरांना मेसेजऐवजी ती पाठवली असती तर निदान पास कसा द्यावा ते शिकली असती.

पुढे अल्जीरिया ऑस्ट्रियाकडून ०-२ हरला आणि २४ जूनला चिलीवर ३-२ जिंकला. विजयाला तेव्हा दोन गुण असायचे, म्हणजे अल्जीरियाचे चार. केलेले गोल पाच, खाल्लेले पाच, म्हणजे गोलफरक शून्य. गटातले पहिले दोन पुढे जाणार, आणि गुण सारखे झाले की गोलफरक बघायचा. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी, २५ जूनला. मैदानावर उतरण्याआधीच दोघांना सगळं गणित माहीत होतं. जर्मनी हरला किंवा बरोबरी झाली तर जर्मनी बाहेर. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघंही आत आणि अल्जीरिया बाहेर. तीन गोलांनी जिंकला तर ऑस्ट्रिया बाहेर. जर्मनीच्या ह्रुबेशने दहाव्या मिनिटाला गोल केला. मग थोडा वेळ खेळ झाला आणि उत्तरार्धात तर चेंडू आपापल्या अर्ध्यात इकडून तिकडे, तिकडून गोलरक्षकाकडे. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, अल्जीरियाचे पाठीराखे नोटा फडकवत होते. ऑस्ट्रियाच्या टीव्ही समालोचकाने लोकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. हिहोनच्या स्थानिक वर्तमानपत्राने बातमी गुन्हेगारीच्या पानावर छापली.

मग पैसे चारले का? त्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही, आणि चारायची गरजही नव्हती. १-० दोघांनाही सोयीचं असताना पैसे कोण कुणाला देणार? अर्धं सत्य म्हणून एवढं कबूल करते की ‘सामना ठरवून खेळला’ असं ज्याला वाटतं तो वेडा नाही. पण लाच, चौकशी, शिक्षा हा सगळा मसाला. झाला तो बदल एवढाच की १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. तो आजही पाळला जातो.

आता ‘गद्दार’. हा मुद्दा मी सहज सोडणार नाही, कारण मेसेजचा खरा रोख इथे आहे. ‘धडा घ्यावा’ म्हणजे कोणी, कुणापासून, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडत नाही, पोरांनाही बरोबर कळतं. अल्जीरियाचं नाव घेऊन बोट भलतीकडे दाखवायचं.

फ्रान्सने अल्जीरिया १८३० मध्ये घ्यायला सुरुवात केली आणि तो आपलाच भाग आहे असं शेवटपर्यंत सांगितलं. आपलाच भाग कसा, ते पाहा. १९४७ च्या कायद्याने जी विधानसभा दिली तिच्यात १२० जागा होत्या: ६० युरोपीय वस्तीच्या गटाला, ६० मुसलमानांच्या गटाला. युरोपीय होते सुमारे ९ लाख, मुसलमान सुमारे ८० लाख. एवढं करून त्या निवडणुकांतही गडबड केली. त्याआधी, ८ मे १९४५ ला, युरोपातलं महायुद्ध संपल्याच्या दिवशीच सेतिफ गावात लोक स्वातंत्र्याच्या घोषणा देत अल्जीरियाचा झेंडा घेऊन निघाले. गोळीबार झाला, दंगल पेटली, त्यात युरोपीय लोकही मारले गेले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत फ्रेंच सैन्याने हजारो अल्जीरियन मारले. रशीद मेखलूफी त्याच सेतिफचा. तेव्हा आठ वर्षांचा होता. ज्या घराचे वासे मोजल्याचा आरोप आहे, ते घर असं होतं.

हाच मेखलूफी पुढे सेंट एतिएन या फ्रेंच क्लबसाठी खेळायला लागला, १९५७ मध्ये फ्रान्सचं लीग विजेतेपद जिंकला, फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात आला. मोनॅको क्लबचा मुस्तफा झितूनी फ्रान्सचा बिनीचा बचावपटू. दोघंही १९५८ च्या स्वीडन विश्वचषकासाठीच्या संभाव्य खेळाडूंत होते. स्पर्धा तोंडावर आणि अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना एप्रिलमध्ये हे दोघं आणि आणखी काही अल्जीरियन व्यावसायिक खेळाडू छोट्या छोट्या गटांनी स्वित्झर्लंड, इटलीमार्गे निघून ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसला पोचले आणि तिथे अल्जीरियाचा संघ उभा केला. मेखलूफी त्या वेळी फ्रेंच सैन्यात सक्तीची सेवा करत होता, म्हणजे त्याच्यावर सैन्यातून पळाल्याचा ठपका येणार होता. हसन शाबरी आणि मोहम्मद माउश पकडले गेले. पळून जाऊन मिळवायचं काय होतं? विश्वचषकावर पाणी, पगारावर पाणी, आणि फिफाची धमकी वेगळी. ‘एफएलएन’ या मुक्ती आघाडीच्या नावाच्या त्या संघाला फिफाने मान्यता दिली नाही आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईचा इशारा दिला. तरी १९६२ पर्यंत हे लोक ट्युनिशिया, मोरोक्को, इराक, पूर्व युरोप, चीन, उत्तर व्हिएतनाम असे फिरत खेळत राहिले. १९६१ मध्ये बेलग्रेडला युगोस्लाव्हियाच्या संघाला ६-१ ने हरवलं. देश अजून जन्माला यायचा होता, संघ आधी आला.

सुभाषबाबूंनी आयसीएसची नोकरी सोडली तेव्हा त्यांना गद्दार म्हणणारे इंग्रज होतेच. आपण त्यांचा पुतळा उभारला. मग हेच अल्जीरियनाने केलं की शब्द का बदलतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

एफएलएनचे हात स्वच्छ होते असं माझं म्हणणं नाही. १९५६ मध्ये राजधानी अल्जिअर्सच्या कॅफेंमध्ये बाँब ठेवले गेले, त्यात सामान्य माणसं, तरुण पोरी मेल्या. युद्ध दोन्ही बाजूंनी घाणेरडं होतं. पण फुटबॉलपटूंनी बाँब ठेवले नाहीत. ते खेळले.

आणि ‘फ्रान्सची धूळधाण’? १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला. तोवरची त्यांची सर्वांत मोठी मजल. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीला ६-३ ने हाणलं. जुस्त फोंतेनने त्या एका स्पर्धेत १३ गोल केले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. फोंतेनचा जन्म कुठला? मोरोक्कोतल्या माराकेशचा! उपांत्य सामन्यात ब्राझीलने पाच गोल घातले तेव्हा झितूनी असता तर काय, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, त्यात तथ्य असू शकतं.

फ्रान्समधल्या लोकांना तरी मेखलूफी गद्दार वाटला का? स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या अखेरीस तो परत सेंट एतिएनला गेला आणि १९६४, १९६७, १९६८ ची लीग विजेतेपदं जिंकून दिली. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात बोर्दोवर २-१ असा विजय मिळाला, दोन्ही गोल मेखलूफीचे. ज्यांचं त्याने ‘नुकसान’ केलं त्यांनीच त्याला डोक्यावर घेतलं, आणि इकडे साठ-सत्तर वर्षांनी मराठीत त्याला शिव्या.

धागा तिथे तुटत नाही. १९८२ मध्ये हिहोनला अल्जीरियाच्या प्रशिक्षकांत हाच मेखलूफी होता. १९९० मध्ये अल्जीरियाने पहिल्यांदा आफ्रिकेचा चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होता अब्देलहमीद केरमाली, १९५८ मध्ये निघून गेलेल्यांपैकीच एक. नायजेरियाविरुद्धचा एकमेव गोल शेरीफ उदजानीचा, आणि त्याचे वडील अहमद उदजानी एफएलएनच्या संघात खेळलेले.

फ्रान्सने नाकारलेली पोरं, हे अर्धं खरं आहे. अलीकडच्या संघांत फ्रान्समध्ये जन्मलेले खूप आहेत, २०१४ मध्ये तर बहुसंख्य होते. रियाद मेहरेझ पॅरिसजवळच्या सार्सेलचा. २००९ मध्ये फिफाने राष्ट्रीय संघ बदलण्यासाठीची वयाची अट काढली तीसुद्धा अल्जीरियाच्या महासंघाच्या मागणीवरून. आमच्या कोल्हापुरात पोरगं पाटाकडीलचा संघ सोडून दिलबहारच्या संघात गेलं तरी चौकात पंचायत बसते, इथे तर देश बदलण्याचा प्रश्न, चर्चा होणारच. पण १९८२ चा संघ मुख्यतः देशातल्या क्लबांतला होता, कारण २८ वर्षांच्या आत बाहेर खेळायला जायला तिथे बंदी होती. २०१९ च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला गोल करणारा बगदाद बुनेजा अल्जीरियातल्याच ओरानचा. आणि ‘नाकारलेली’ कशावरून? फ्रान्सचा नामवंत खेळाडू झिदान, त्याचा मुलगा लुका फ्रान्सच्या कनिष्ठ संघांतून खेळून २०२५ मध्ये अल्जीरियाकडे आला. ज्यांचे आजी-आजोबा तिथले, त्यांनी तो देश निवडला, एवढी साधी गोष्ट.

तेल? थोडं आहे, नाइलाजाने मान्य. १९७७ च्या सुधारणेत क्लब सरकारी कंपन्यांना जोडले गेले आणि राजधानीच्या मुलूदिया क्लबच्या नावातच तेलवाले आले. पण आखाती देशांसारखी तारे विकत घेण्याची ती गोष्ट नाही. पुढे.

राहिला ‘सूड’. जर्मनीशी हिशोब करायची संधी २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेला आली होती. अल्जीरियाने त्यांना ९० मिनिटं गोल करू दिला नाही, जादा वेळेत १-२ ने हरला. ऑस्ट्रियाशी सामना आता गटातला शेवटचा, २७ जूनला कॅन्सस सिटीत, आणि त्याच वेळी दुसरीकडे जॉर्डन आणि अर्जेंटिना खेळणार. पण ४८ संघांच्या या नव्या रचनेत तिसऱ्या क्रमांकाचे १२ पैकी ८ संघ पुढे जातात आणि हा गट शेवटच्या दिवशी खेळतो. बहुतेक गटांचे निकाल आधीच लागलेले असतील. किती गुणांत भागतं, बरोबरी पुरते का, हे दोघांनाही मैदानावर उतरण्याआधी बऱ्यापैकी ठाऊक असेल, आणि या वेळी त्या दोघांपैकी एक अल्जीरिया आहे.