चार मिनिटांची कॉफी

वाईट सिनेमा मी शांतपणे सोसतो. चांगल्या कल्पनेचं मातेरं करणारा सिनेमा मात्र सोसवत नाही. पुरण छान शिजवायचं, वेलदोडा-जायफळ घालायचं आणि मग कंटाळा आला म्हणून त्याची भजी तळायची, असा तो प्रकार. २०११ सालचा, दिग्दर्शक अँड्र्यू निकोलचा ‘इन टाइम’ हा त्यातला अर्क.

कल्पना अशी की, चलन पैसा नाही, वेळ. पंचविशीला वय वाढायचं थांबतं, हातावरचं हिरवं घड्याळ उलटं धावू लागतं आणि खात्यात एकच वर्ष जमा. पुढचं कमवा. आकडे शून्यावर आले की खेळ खलास. कॉफी कालपर्यंत तीन मिनिटांना होती, आज चार. ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणारा माणूस जिथे अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, त्या आमच्या पुण्यात हा सिनेमा भयपट म्हणून लावायला हवा.

शिवाय सगळेच पंचविशीचे. धनाढ्य फिलिप वाइस ओळख करून देतो: ही सासू, ही बायको, ही मुलगी. तिघी मैत्रिणी वाटाव्यात. नायकाच्या आईचं काम करणारी ऑलिव्हिया वाइल्ड तर प्रत्यक्षात नायक जस्टिन टिंबरलेकपेक्षा लहान आहे. मराठी माणसाची इथे पंचाईत. लक्ष्मी रोडवर मावशी कोणाला म्हणायचं आणि ताई कोणाला? ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेत तर हाणामारीच.

पहिला अर्धा तास मी निमूट पाहतो, कारण तो चक्क हिशेब आहे. आईनं कर्ज फेडलंय, हातावर उरलाय दीड तास. घरी जायचं बसभाडं नेहमी एक तास, ते नेमकं आज दोन झालंय. चालत गेलं तरी दोन तास. ड्रायव्हर म्हणतो, मग पळा. बाई पळतात, समोरून मुलगा पळत येतो, आणि हात हातात येईपर्यंत सेकंद संपतात. ना बंदूक, ना स्फोट. नुसती वजाबाकी, आणि छातीत धस्स होतं.

इथून पुढे घोडं पेंड खातं. वजाबाकीत थरार आहे हे ज्यानं दाखवलं, तोच नायकाच्या हातावर आधीच शतकभराचा वेळ ओतून ठेवतो, मग जुगारात हजारभर वर्षं जिंकून देतो. घड्याळ भरलं की धाकधूक गेली. मध्ये ते रिकामं करून पाहतात, पण हवं तेव्हा भरता येतं हे एव्हाना आपल्याला कळलेलं असतं.

बरं, सुरक्षा काय? मनगट धरलं की वेळ इकडून तिकडे. झोपलेल्याचंही चालतं; नायकाला ते शतक तसंच मिळालं. आपल्याकडे पाचशे रुपये काढायला चार आकडी पिन लागतो, दुधाच्या पिशवीला कडीची टोपली लागते. तिथे आयुष्य बाहीखाली उघडं! बँक लुटायची तर गाडी घालायची काचेत, बस्स. हे यंत्र कोणी केलं, हेही कळत नाही. ते कसं झालं याची काळजी करायला आपल्याकडे वेळ नाही, असं नायक सुरुवातीलाच सांगून मोकळा. म्हणजे गृहपाठ केला नाही, वर रुबाब.

उरलेला वेळ नुसती पळापळ. नायिका अमांडा सायफ्रेड उंच टाचा घालून छपरांवरून पळते. आमच्या पेठांतले फूटपाथ तिला कोणीतरी दाखवावेत.

मध्येच एकदा हिशेब आठवतो. किलियन मर्फीचा टाइमकीपर, म्हणजे वेळेचा पोलीस, पाठलागाच्या नादात दिवसाचा भत्ता घ्यायला विसरतो आणि तिथेच मरतो. वा! कारकुनी चुकीनं खलनायक मेलेला मी दुसरा पाहिलेला नाही. पण तोवर नायक-नायिकेनं लुटलेली दहा लाख वर्षं रस्त्यावर वाटून झालेली असतात. एवढा वेळ बाजारात आल्यावर कॉफी चारच मिनिटांना राहील का, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. आमच्या मंडईत पहिल्या तासात भाव फिरले असते.

एकूण लांबी १०९ मिनिटं. त्यांच्या दरानं सत्तावीस कॉफ्या, वर एक मिनिट सुट्टं. ते मागायचं कोणाकडे?